गवताआडून बोलणारे बगीचासाहेब

आमचे घरमालक बगीचासाहेब माझ्याशी बोलायचे तेव्हा त्यांचं तोंड गवताकडे असायचं. मी उजवीकडे उभी असले तरी, आणि डावीकडे असले तरी. "बाई, उद्या नळाले पाणी येणार नाही, भरून ठेवा," एवढं साधं सांगायचं असलं तरी ते अंगणाच्या कडेच्या त्या उंच गवताला सांगायचे, आणि तेही गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात. मी तेव्हा नवी नवरी होते. साताऱ्याहून नागपूरला येऊन जेमतेम महिना झाला असेल. मला आधी वाटलं, परक्या बाईकडे बघून बोलायचं नाही अशी इकडची रीत असेल. मग वाटलं, यांना कमी ऐकू येत असेल. मग वाटलं, डोक्यावरच काही परिणाम असेल, आणि मी नवऱ्याला म्हटलं, दुसऱ्या खोल्या बघा.

"अगं, ते गवताशी नाही बोलत," नवरा म्हणाला. "गवताच्या पलीकडे त्यांचा भाऊ बसतो."

"मग भावाशी बोलतात का?"

"छे. भावाशी बोलणं नाही त्यांचं."

"मग कोणाशी बोलतात?"

"तुझ्याशीच," असं म्हणून त्याने सायकल काढली आणि तो ऑफिसला गेला. माझं समाधान झालं असं त्याला मनापासून वाटलं असावं.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बेसाच्या वाटेवर तेव्हा शेतांचे ले-आऊट पडायला लागले होते. अधेमधे एखादं घर, बाकी तुरीचं रान. बगीचासाहेबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे नानाने, शेजारी शेजारी प्लॉट घेऊन एकाच मिस्त्रीकडून दोन घरं बांधून घेतली होती. दोन्ही घरं हुबेहूब सारखी. तोच व्हरांडा, तीच खिडकी, दाराच्या दोन्ही बाजूंना तेच कट्टे. मी पहिल्या आठवड्यात भाजी घेऊन सरळ नानाच्या स्वयंपाकघरात शिरले होते. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं, बसवलं, आणि मग हळूच सांगितलं, "वं बाई, तुमचं घर तिकडं आहे."

साहेबांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण ते कोणी घेत नसे. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी बंगल्यांच्या बागांवर ते सुपरवायझर होते, म्हणून सगळ्या ले-आऊटचे ते बगीचासाहेब. ते बंगले वर्षभर पेंगत असत आणि हिवाळी अधिवेशन जवळ आलं की दचकून जागे होत. मग साहेबांची धावपळ सुरू. कुंड्यांना गेरू, वाफ्यांना खत, मरतुकड्या हिरवळीवर पाण्याचा मारा. "मंत्र्याच्या अगोदर झेंडू आला पाहिजे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. अधिवेशन संपलं की तेही आठवडाभर झोपून काढत.

अशाच एका जुन्या बंगल्याच्या कोपऱ्यात इंग्रजाच्या काळापासून या गवताचं एक प्रचंड बेट होतं. नवीन आलेल्या साहेबाला ते जंगल वाटलं. साप राहील, काढून टाका, असा हुकूम झाला. बगीचासाहेबांनी काढलं, पण टाकलं नाही. ठेल्यावर घालून घरी आणलं, कुऱ्हाडीने त्याचे तुकडे केले आणि दोन घरांच्या मधल्या हद्दीवर रांगेने लावून टाकले. नाव त्याचं पंपास. हे परदेशी नाव त्यांना कोणी सांगितलं ते माहीत नाही, पण ते मोठ्या मानाने घेत. बोलताना "आमचा पंपास" म्हणत, जसा काही घरातला कर्ता मुलगा.

मी आले तेव्हा ते गवत माणसाच्या डोक्यावर गेलेलं होतं. अरुंद, लांब, कमानीसारखी खाली वळलेली पानं. दिसायला मऊ, पण कडेवरून बोट फिरवलं तर रक्त. पावसाळा संपत आला की त्यातून सरळ दांडे वर निघत आणि भाद्रपद-आश्विनात त्यांना हातभर लांबीचे, पांढरे, रेशमासारखे तुरे येत. उन्हं कलली की ती सगळी रांग उजळून निघायची. मी शाळेत चित्रकला शिकवत होते, तरी तो पांढरा रंग मला कधी कागदावर आणता आला नाही. वाऱ्याने तुरे डोलायला लागले की मी हातातलं काम टाकून बघत राहायची आणि भाकरी करपायची.

लोकांना मात्र हे नेमकं काय आहे तेच कळत नसे. शाळेतली पोरं ऊस समजून कुंपणाशी घुटमळत. एका गुराख्याने वैरण म्हणून मागितलं, आणि त्याच्या म्हशीने एकदा तोंड लावून जी मान फिरवली ती कायमची. सगळ्यात कठीण प्रसंग नरखेडकडच्या नातेवाइकांचा. साहेबांचं मूळ गाव तिकडचं, संत्र्याचं. एकदा त्यांचे मामा करंडीभर संत्री घेऊन आले, गेटात थबकले आणि आतच येईनात. काळ्या जमिनीत शिरलेलं पांढऱ्या तुऱ्यांचं चिवट तण, म्हणजे कास, काढता काढता ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना दारात ते पांढरे तुरे बघून धक्का बसला होता.

"काहून गा," मामा ओरडले, "साहेब झाला अन् दारात कास लावून राहिला? लोकं काय म्हणतीन? घर पडीत पडलं म्हणतीन ना!"

"कास नाही हे, मामाजी. कास शेत खाते. हे फक्त नजर आडवते."

"नजर आडवाले भिंत बांध ना मंग!"

साहेबांनी मामांच्या हातातली करंडी घेतली. पण दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर, म्हणजे गवतासमोर, त्यांनी खुलासा केला. "भिंत बांधली का लोकं म्हणतेत भांडण झालं, बाई. गवत लावलं का म्हणतेत बगीचा केला." पलीकडून कोणीतरी खाकरलं. साहेब समाधानाने आत गेले.

भांडण कशावरून झालं होतं? मी पुष्कळ विचारलं. काकू, म्हणजे साहेबांची बायको, सांगायच्या की गावच्या सामाईक संत्र्याच्या बागेवरून. एकाला आंबिया बहार घ्यायचा होता, एकाला मृग, आणि झाडांना ताण द्यायचा की पाणी द्यायचं यावरून दोघं जे बिनसले ते बिनसलेच. नानाची बायको सांगायची की तसं काही नाही, तिच्या लेकीच्या लग्नात भासऱ्यांना, म्हणजे साहेबांना, टोपी-उपरण्यासाठी उशिरा बोलावलं, म्हणून. कोपऱ्यावरचा किराणावाला सांगायचा की मागच्या विहिरीवरून. मला तिन्ही खरी वाटायची. ऐकताना पटायचं, घरी येऊन विचार केला की एकही पटायची नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणायचे, "मोठी गोष्ट होती, बाई," आणि विषय बदलायचे.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की या घरात माझं खरं काम भाडेकरणीचं नसून टेलिफोनच्या तारेच्या मधल्या खांबाचं आहे. सकाळी साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. तिकडे नानाची खुर्ची सरकल्याचा आवाज येई. मग साहेब मला हाक मारत.

"बाई, काही लोकं भर दुपारी कलमाले पाणी देते. मुळं उकडतेत ना!"

मी 'हो का' म्हणायची. जरा वेळाने पलीकडून नानाचा आवाज, त्याच्या बायकोला उद्देशून. "ऐकलं काय वं? काही लोकांले घरच्या झाडापेक्षा दुसऱ्याच्या झाडाची फिकर जास्त आहे." पण त्या दिवसापासून पाणी संध्याकाळी पडायचं. नानाला खोकला झाला की इकडून मला ज्येष्ठमधाचं महत्त्व ऐकावं लागे. साहेबांच्या गुडघ्याने उचल खाल्ली की तिकडून नाना आपल्या बायकोला लसणाच्या तेलाचा गुण सांगे. ती बिचारी म्हणे, "अहो, मले माहीत आहे ना, मीच करतो ते तेल!" आणि संध्याकाळी मागच्या बाजूने तेलाची वाटी काकूंकडे येई.

एकदा मला नको ती बुद्धी सुचली. साहेब अमक्या लोकांनी पुढच्या मृगाआधी कौलं चाळून घ्यावीत असं मला सांगत होते. आमचं घर स्लॅबचं. विहिरीवरच्या पडवीला कौलं होती, ती नानाच्या बाजूला. मी चिडून म्हटलं, "काका, मला कशाला सांगता? नानाकाका इथेच बसलेत, त्यांना सांगा ना!"  साहेब उठले, आत गेले. तिकडची खुर्चीही उचलली गेली. आठवडाभर दोन्ही व्हरांडे रिकामे. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय केलं वं पोरी तू? चांगले बोलून राहिले होते ना दोघं!" मी म्हटलं, ते बोलत नव्हते. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. आमच्या दोघींपैकी कोणाला काय कळत नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दोघी जावांनी हे भांडण कधी मनावर घेतलंच नव्हतं. विहिरीपाशी गवताची रांग संपत होती, तिथून त्यांची ये-जा चाले. धाकटी भासऱ्यांसमोर बोलायची नाही, डोक्यावरचा पदर सारखा करून बाजूला व्हायची, पण ती त्यांच्याकडची पद्धत होती, राग नव्हे. एका दिवाळीला तिच्या मनात आलं की लक्ष्मीपूजनाला बाजारची केरसुणी आणण्यापेक्षा घरच्या घरी बांधावी. एवढं लक्ष्मीसारखं पांढरंशुभ्र गवत दारात उभं असताना विकतचं कशाला? तिने आपल्या बाजूला झुकलेले तुरे कापले, सुबक जुडी बांधली, एक स्वतःला, एक जावेला. हळदकुंकू वाहून पूजा झाली आणि पाडव्याला काकूंनी त्या केरसुणीने पहिला हात मारला. घरभर पांढरा कापूस उडाला. जितकं झाडावं तितकं जास्त पडायला लागलं. तिकडेही तीच गत. दोघी जावा आपापल्या दारात नाकाला पदर लावून शिंकत उभ्या होत्या, आणि लक्ष्मी म्हणून पूजलेली वस्तू बाहेर टाकायची कशी, हा मोठाच पेच पडला होता.

मला वाटलं, आता साहेब भडकणार. तुरे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी रांगेतले कापलेले दांडे पाहिले, हाताने चाचपले आणि मला हाक मारली. "बाई, सांगून द्या, तुरा कापताना हाताले फडकं गुंडाळा लागते. पान कापते." एवढंच. पुढच्या दिवाळीला धाकटीच्या बाजूचे चांगले तुरे त्यांनी स्वतःच कापून, पानं सोलून, विहिरीच्या कठड्यावर ठेवले. केरसुणी होत नाही हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. तरी ठेवले, आणि तिने नेले. ते पितळी गडूत घालून पुढच्या खोलीत सजवून ठेवले गेले. ते बघायला साहेब काही त्या घरात जाणार नव्हते.

पण हे सगळं बोलणंचालणं गवत उभं असेपर्यंतच. पंपासचं असं असतं की वर्षातून एकदा तो जमिनीसरसा कापावा लागतो. जुनी पानं वाळतात, आत कुजतात, कापलं नाही तर नवा फुटवा जोमाने येत नाही. होळीच्या आधी हे काम निघायचं. एकट्याने होत नसे. आधी बेटाच्या कमरेला दोरी बांधायची, मग एकाने ती दोरी ताणून धरायची आणि दुसऱ्याने खालून विळ्याने कापायचं, म्हणजे सगळी पेंढी एका बाजूला पडते, अंगावर येत नाही. दोरी धरायला माझा नवरा. साहेब हाताला धोतराचं फडकं गुंडाळून विळा चालवायचे. ते काम ते जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकलत. आज वारा आहे, उद्या अमावास्या आहे, परवा विळ्याला धार नाही.

आणि एकदा कापून झालं की दोन्ही व्हरांडे समोरासमोर उघडे पडत. मधे फक्त खुंटांची रांग. तोंडासमोर तोंड, मधे आड काही नाही, आणि दोघं भाऊ एकदम मुके. साहेब खुर्ची भिंतीकडे फिरवून बसत. नाना पेपर उंच धरून बसे, पान न उलटता. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे जात. मला हाका येईनात, धाकटीला उपदेश होईना. फुटवा मांडीला लागला, कमरेला लागला, आणि आषाढात बसल्या माणसाच्या डोक्यावर गेला की एके सकाळी साहेब खाकरत. "बाई, यंदा पाऊस बरा दिसून राहिला." तिकडून खुर्ची सरके. माझा जीव भांड्यात पडे.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं. "काका, भावाचं तोंड बघायचं नव्हतं तर मेंदीचं कुंपण का नाही लावलं? बाराही महिने राहिलं असतं."

त्यांनी गवताचं एक वाळकं पान ओढून काढलं. "मेंदी बाराही महिने राहते ना, बाई," ते म्हणाले.

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं की माझंच वाक्य त्यांनी परत केलं होतं, यावर मी आणि नवऱ्याने रात्री जेवताना पुष्कळ खल केला. नवऱ्याचं म्हणणं पडलं की माणसाने बागेतल्या माणसाला बागेबद्दलच विचारावं.

आमचं तिथलं शेवटचं वर्ष. भाद्रपदात, नानाला सकाळी चूळ भरता भरता लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं, पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली. शुद्ध पूर्ण होती. सगळं ऐकायचा, सगळं समजायचं, डोळे सगळीकडे फिरायचे. बोलता मात्र एक अक्षर येत नव्हतं. डॉक्टरांनी धाकटीला सांगून ठेवलं होतं की पुन्हा झटका आला तर काही खरं नाही.

साहेब त्या दिवसांत व्हरांड्यातून हलतच नसत. नोकरीतून निवृत्त झाले होते, दुसरं काम नव्हतं. मला सारखं हाक मारून बोलायचे. कलमांबद्दल, पावसाबद्दल, खोकल्याबद्दल, कशाबद्दलही. पलीकडून काही येत नसे. खुर्ची सरकत नसे, खाकरणं नसे. ते थांबायचे, कान देऊन ऐकायचे, पुन्हा बोलायचे. आवाज वाढवत न्यायचे. मला ते ऐकवेना. मी एकदा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले होते.

मग एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "बाई, त्याले तिथून काय दिसते?"

मी नुकतीच नानाला भेटून आले होते. म्हटलं, "गवत दिसतं, काका. खिडकीभर गवतच आहे."

त्या वर्षी तुरे कधी नव्हे इतके आले होते आणि नुकतेच फुलले होते. साहेब आत गेले आणि विळा, दोरी घेऊन आले. काकू म्हणाल्या, "अहो, ऐन फुलोऱ्यात? होळीले कापतेत ना हे?" त्यांनी ऐकलंच नाही. माझा नवरा ऑफिसात होता. "बाई, दोरी धरता काय?" त्यांनी विचारलं. मी पदर खोचला आणि धरली. ते कापत गेले. फडकं गुंडाळायचंही त्यांना सुचलं नव्हतं, मनगटापर्यंत चरे पडले होते. एकेक बेट तुऱ्यांसकट आडवं होत होतं आणि पांढरा कापूस आमच्या दोघांच्या डोक्यावर बसत होता. शेवटचं बेट पडलं तेव्हा समोरच्या खिडकीत नाना उशीला टेकून बसलेला दिसला. आमच्याकडेच बघत होता.

साहेब खुंटांच्या अलीकडे उभे राहिले. हातात विळा, अंगभर कापूस. भाऊ समोर, मधे काही नाही.  मग त्यांनी अगदी हळू मला म्हटलं, "बाई, तुम्ही बोला ना काही."

 इतकी वर्षं माझ्या नावाने ही माणसं बोलत होती आणि आता खरंच माझी वेळ आली तर माझ्या तोंडाला कुलूप. तेवढ्यात धाकटी दारात आली. भासऱ्यांशी न बोलण्याची सारी पद्धत गुंडाळून ठेवून ती म्हणाली, "भाऊजी, या ना. त्यायले बोलता येत नाही, तुम्ही तर या." आणि ते खुंट तुडवत, अनवाणी, पलीकडे गेले.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. सकाळी चहा घेऊन जायचे ते जेवायलाच परत यायचे. आत काय चालतं ते आम्हाला कळत नसे. एकाच माणसाचा सावकाश आवाज येत राहायचा. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत नाना झोपेतच गेला. साहेब स्मशानातून आले, अंघोळ करून व्हरांड्यात बसले, आणि नंतर कितीतरी दिवस कोणाशीच बोलले नाहीत. माझ्याशी नाही, काकूंशी नाही.

त्याच हिवाळ्यात नवऱ्याची बदली झाली. सामान बांधून झालं, आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेले. साहेबांनी मला कट्ट्यावर बसवलं आणि स्वतःहून बोलायला लागले.

"मले त्याची माफी मागा लागत होती, बाई. मी मोठा. पण तिथं जाऊन बसलो अन् पाहतो तर मले आठवेच ना, भांडण कायचं होतं ते. खरं सांगतो. मोठं होतं एवढं आठवते. बागेचं का लग्नाचं का कायचं, सारं एकात एक होऊन गेलं. त्याले विचारलं, काहून भांडलो गा आपण? त्याले ठाऊक होतं. डोळ्यात दिसे त्याच्या. पण सांगता येईना. मंग माफी मागू तरी कशाची?"

"मग काय केलंत?"

"साऱ्याची मागितली. पहिल्यापासून. जे जे आठवलं ते रोज एक एक सांगत गेलो. हे माझं चुकलं, ते माझं चुकलं. बाग सांगितली, विहीर सांगितली, लग्न सांगितलं. तो नुसता पाहे. काही नाही. आमच्या बुढ्या बापाचं दुखणं, मायची पाटली, सारं सांगितलं. काही नाही. माझ्याजवळचं सारं खतम झालं. मंग एक दिवस असंच बोललो. म्हटलं, नाना, लहानपणी पोरांच्या तान्ह्या पोळ्याले तुहा लाकडी नंदी मी नेला होता. माझ्या नंदीचं चाक मोडलं होतं, तो तुह्याजवळ ठेवून दिला, अन् तुहा घेऊन साऱ्या गावात हिंडलो."  त्यांनी आपलं डावं मनगट उजव्या हातात धरलं. "त्यानं माझा हात असा धरला, बाई. चांगल्या हातानं. जो धरला तो सोडेच ना. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, नंदीचंच होतं काय गा? तर डोळे मिटून पडला होता. मंग काही समजलं नाही."

 काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही शिकलेल्या आहा," साहेब म्हणाले. "तुम्हाले काय वाटते? तेच असन?"

मला काय वाटत होतं? साठी उलटलेली दोन माणसं, एका मोडक्या चाकाच्या नंदीसाठी? की बोलता न येणाऱ्या माणसाने, भाऊ अजून काय काय आठवत बसलाय हे बघून, आता पुरे म्हणून त्याचा हात धरला? की हात आपोआप वळला, झटका यायच्या आधी वळतो तसा? मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आजही नाही.

"हो काका," मी म्हटलं. "तेच असणार."

त्यांनी मनगट सोडलं. चेहऱ्यावरून हात फिरवला, काकूंच्या हातातला कप घेतला, आणि हसू आणि रडू यांच्या मधल्या कसल्यातरी आवाजात म्हणाले, "गध्यानं आधी सांगावं ना! दुसरा घेऊन दिला असता."